अकरा मार्चची सही

चौतीस वर्षं मी पेत्रास्कुराच्या नगरपालिकेत माणसं मारत आले. म्हणजे कागदावर. जन्म-मृत्यूच्या खिडकीत माझी खुर्ची. जन्माचं रजिस्टर वर्षाकाठी दोन पानं सरकायचं, मृत्यूचं मात्र दर दोन वर्षांनी नवं मागवावं लागायचं. मी सकाळी नोंद केली की दुपारपर्यंत माझा धाकटा भाऊ कानिओ शोकपत्रक छापायचा आणि खळीचा डबा घेऊन गावभर चिकटवायचा. काळी चौकट, वर क्रूस, मधे नाव, खाली तारीख आणि घरच्यांचा शोक. आमच्या डोंगरात माणूस भिंतीवर लागल्याशिवाय मेला असं कुणी धरत नाही. सेराफीना मारते आणि कानिओ गावाला कळवतो, असं लोक हसून म्हणायचे.

चार वर्षांपूर्वी लोकांचं हसू बंद झालं. कानिओने जिवंत माणसांची पत्रकं छापायला घेतली.

पहिला औषधवाला. बिचारा सकाळी दुकान उघडायला आला आणि स्वतःच्याच दारावर स्वतःचं निधन वाचत उभा राहिला. दुसरे पाद्रीबाबा. तिसरी मी. "आयुष्यभर नगरपालिकेची सेवा करून सेराफीना लोविस्को शांतपणे निघून गेली." मी पोचले तेव्हा खळ ओली होती. एक चूक नव्हती पत्रकात, आईची शपथ. कानिओचं म्हणणं असं की आम्ही सगळे कधीच मेलो आहोत आणि आमचे कोट घालून दुसरंच कुणीतरी फिरतं आहे.

मग त्याने छापखान्याचं दार आतून लावून घेतलं. अकरा दिवस. मी दाराशी मसुराची आमटी ठेवायची, मांजरं खायची. दार वाजवलं की आतून माझ्या आवाजाची नक्कल करायचा. अकराव्या दिवशी मी आणि नगर-पोलीस एजिदिओ, आम्ही दोघांनी त्याच्या पहारीने दार फोडलं. कानिओ मशीनमागे बसला होता. वजन सत्तेचाळीस किलो. तहानेपोटी छपाईचे खिळे धुतलेलं पाणी प्यायला होता आणि ओठ शाईने काळे झाले होते.

ज्याचं जळतं त्याला कळतं. हे मी नंतर बऱ्याच शहाण्यांना ऐकवलं. स्वातंत्र्यावर भाषण द्यायला आलेल्या शहरातल्या एका पोरीला तर तोंडावर ऐकवलं.

कानिओ इस्पितळात गेला, परत आला, गोळ्या खिडकीतल्या रोपाच्या कुंडीत घातल्या, परत गेला. असं दोनदा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, भरती नको, घरीच राहू दे, दर चार आठवड्यांनी दंडात एक सुई. कानिओ म्हणाला, नको. त्याच्या नकोवर कायद्यात उपाय आहे. दोन डॉक्टरांनी लिहून द्यायचं, मेयरने सक्तीच्या उपचाराच्या हुकमावर सही करायची, एजिदिओने तो नेऊन द्यायचा, न्यायाधीशाने शिक्का मारायचा. हुकूम चालतो सात दिवस, सुई चालते अठ्ठावीस. म्हणून दर चौथ्या आठवड्याला नवा हुकूम. तीन वर्षं हा पाळणा हलत होता आणि दोरी माझ्या हातात होती. हुकूम टाइप मीच करायची, वहीत नोंद मीच करायची.

सुईच्या शुक्रवारी साडेनऊला मी छापखान्याच्या दारात उभी राहायची.

"कोट घाल. तुझा दिवस आहे."

"आले का सरकार?" तो म्हणायचा. मला तो ताई म्हणायचा बंद झाला होता. "शिपाई पण आणलाय? दोन का नाही आणले? मी फार धोकादायक आहे."

एजिदिओ पाच पावलं मागून चालायचा, का तर कुणी म्हणू नये की कानिओला धरून नेतात. पाच पावलं मागे गणवेश घातलेला माणूस असला की आंधळ्यालाही दिसतं. बायका खिडक्यांत येऊन भाजी निवडायच्या.

सुईने तो जगला. हे मी कुणापुढेही म्हणेन. जेवायला लागला, झोपायला लागला, मेलेल्यांचीच पत्रकं छापायला लागला. पण हात कापायला लागले. बारीक खिळे बोटात येईनात, तेव्हा चिमट्याने उचलायला लागला, आणि सगळ्यात बारीक टाइपाच्या कप्प्यावर धूळ बसली. संध्याकाळी सातला ताटावर डुलक्या. पूर्वी मशीन चालवताना गावातल्या एकेकाची टर उडवायचा, ती जीभही जड झाली.

"जिवंत आहेस ना?" मी म्हणायची.

"छापलेला आहे," तो म्हणायचा. "तू मला एकदा तरी विचारलंस, घेतोस का म्हणून?"

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतास?"

"नाही."

"मग कशाला विचारू?"

आमचं बोलणं इतकंच. आपलेच दात नि आपलेच ओठ, पण आम्ही दोघंही चावत होतो.

या जानेवारीत मेयर सावीनो आजारी पडला. स्वादुपिंड. बायको त्याला कुणाला भेटू देत नव्हती, मला दिलं, कारण माझ्या खिडकीशी आपली गाठ लवकरच आहे हे तिला ठाऊक होतं. मी तीन कोरे हुकूम घेऊन गेले. उशीवर कागद ठेवून त्याने तिन्हींवर सह्या केल्या. सावीनो बरा माणूस होता, सही करताना दर वेळी कानिओच्या हाताचं विचारायचा.

"तारीख तू घाल, सेराफीना," तो म्हणाला. "पण मी आहे तोवरची घाल बरं का."

फेब्रुवारीत त्यातला एक वापरला. नऊ मार्चला, सोमवारी, पहाटे सावीनो गेला. नोंद मी केली. पत्रक कानिओने केलं, नगरपालिकेचं, मोठं, दीडशे प्रती. चिमट्याने एकेक खिळा लावत त्याला तीन तास लागले.

मंगळवारी मातीला सगळा गाव होता. दफनभूमीच्या फाटकाशीच मी उपमेयर प्रोस्पेरोला गाठलं. त्याचं चीजचं दुकान आहे. मेयरच्या जागी आता सही त्याची चालणार होती.

"उद्या डॉक्टरांचे कागद येतील. शुक्रवारी कानिओची सुई आहे," मी म्हटलं.

"बाई, मेयरची माती अजून ओली आहे."

"त्याची माती वाळेपर्यंत माझा भाऊ थांबणार नाही."

"हे बघा," त्याने माझा कोपर धरून मला बाजूला घेतलं. "कानिओला मी तीस वर्षं चीज विकतोय. माझा काय झगडा आहे त्याच्याशी? आणि तुमचे ते चुलतभाऊ, खालच्या आळीतले, त्यांना तुमचं हे सुईचं प्रकरण पटत नाही. बेचाळीस मतं आहेत घरात. निवडणूक होऊन जाऊ दे."

"आणि तोवर त्याने दार लावून घेतलं तर?"

"तर मग बघू. तेव्हा कारण तरी असेल."

सत्तेचाळीस किलोचं कारण हवं होतं त्याला. त्याच्या पायाशी थुंकायचं होतं, पण दफनभूमी होती.

थांबले असते तर? लोक विचारतात. गेल्या वर्षी एकदा सुई बारा दिवस लांबली होती. तेराव्या दिवशी मी छापखान्यात गेले तर जुळवणीच्या दगडावर पाद्रीबाबांचं नाव लागलेलं होतं, उलट्या अक्षरांत, फक्त शाई लावायची बाकी. मी ते एकेक अक्षर मोडून कप्प्यात टाकलं आणि कुणाला सांगितलं नाही.

बुधवारी डॉक्टरांचे कागद आले, त्यावर अकरा तारीख. हुकूम त्यांच्या आधीचा असून चालत नाही. मी कपाटातून सावीनोच्या सहीचा कोरा कागद काढला आणि टाइप केलं, अकरा मार्च. तारखा कोण वाचतो? कोर्टातला कारकून शहरात बसतो, त्याला आमचा मेयर मेला काय नि जगला काय. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच मी मेलेल्या माणसाला कामाला लावलं, आणि हात जराही कापला नाही.

एजिदिओ दुपारी हुकूम देऊन आला. कागद वाचायचा नाही आणि घडी मोडायची नाही, हा त्याचा सेवाधर्म.

"घेतला का मुकाट?" मी विचारलं.

"घेतला. दोनदा वाचला. मग हसला, बाई."

"हसला?"

"मोठ्याने. पूर्वी हसायचा तसा."

आजार डोकं वर काढतो आहे असं मला वाटलं. शहाण्या माणसाला त्या कागदात हसण्यासारखं काय दिसलं असेल, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

शुक्रवारी तो लग्नाकार्याचा काळा कोट घालून तयारच होता. काखेत कागदाची गुंडाळी.

"ते काय आहे?"

"माझी फाईल. सगळ्यांची असते, माझी का नको?"

मानसिक आरोग्य केंद्र खाली दरीतल्या गावात आहे, अकरा वळणं. एजिदिओ गाडी चालवत होता, आम्ही मागे. चौथ्या वळणावर गुंडाळी जरा सैल झाली आणि मला काळी चौकट दिसली. दोन बोटं रुंद. तितकी रुंद चौकट तो फक्त नगरपालिकेच्या पत्रकाला घालतो.

सावीनोचं पत्रक.

"एजिदिओ, गाडी थांबव," मी म्हटलं.

"काय झालं बाई?"

"काही नाही रे," कानिओ म्हणाला. "सरकारांना वळणं लागतात. चालव तू." आणि माझ्याकडे न बघता हळूच, "का गं, परत जायचं? जाऊ या. तू फक्त म्हण, चल घरी."

मी म्हटलं असतं तर तो परत आला असता. गुंडाळी चुलीत गेली असती, सुई टळली असती आणि माझी नोकरी राहिली असती. पण सुई टळायला नको होती मला. मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

गेल्या वर्षापर्यंत न्यायाधीश माणूस न बघताच शिक्का मारायचे. आता नियम बदलला आहे, आधी समोर बसवून ऐकायचं. केंद्रातल्या खोलीत न्यायाधीशबाई बसली होती, पस्तिशीची, चिखलाचे बूट घातलेली. शेजारी तिचा कारकून. पलीकडे डॉक्टर बेल्त्रामे, उत्तरेकडून जानेवारीत आलेली, आमच्या गावात एकदाही वर न चढलेली. तिसऱ्या खुर्चीवर मी. बहीण म्हणून मला नेहमीच बसू द्यायचे, माझी नोकरी कुणी विचारली नव्हती. एजिदिओ बाहेर गाडीशी सिगरेट ओढत होता.

"तुम्हाला या हुकमाबद्दल काही सांगायचं आहे?" बाईने मृदू आवाजात विचारलं.

"दोनच गोष्टी," कानिओ म्हणाला. "एक, मला सुई नको आहे. हे मी छत्तीस वेळा सांगितलंय, तुम्ही सदतिसाव्या. दोन, हुकमावर सही कुणाची आहे ते वाचा."

"मेयर सावीनो दाम्ब्रा."

"तारीख?"

"अकरा मार्च."

कानिओने टेबलावर पत्रक उलगडलं. कागद परत गुंडाळायला लागला तेव्हा त्याने एका कोपऱ्यावर डॉक्टरीणबाईचा कॉफीचा कप ठेवला. सावीनो दाम्ब्रा, पेत्रास्कुराचे मेयर, नऊ मार्चच्या पहाटे. न्यायाधीशबाईने वाचलं. हुकूम वाचला. परत पत्रक वाचलं.

तेवढ्यात डॉक्टर बेल्त्रामे पुढे वाकली. "एक सांगू का?" ती हळू बोलली, पण खोली लहान होती. "हे फाईलमध्ये आहे. हा रुग्ण जिवंत माणसांची शोकपत्रकं छापतो. हेच त्याचं मुख्य लक्षण आहे. औषधवाला, पाद्री, सख्खी बहीण. बहुतेक आता मेयर."

न्यायाधीशबाईच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला. कानिओकडे ती मायेने बघायला लागली. कुणी माझ्या भावाकडे तसं बघितलेलं मला कधीच आवडलेलं नाही.

कानिओ गडबडला. सगळा विचार करून आला होता तो, पण हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याचे हात आणखी कापायला लागले आणि कपाखालचा कोपरा सुटला.

"नाही हो बाई," तो म्हणाला. "या वेळी तो खरंच मेलाय."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"आपण खात्री करून घेऊ," न्यायाधीशबाई म्हणाली. "नगरपालिकेत फोन लावा. मृत्यूनोंदणीची खिडकी."

कारकुनाने लावला. वाजत राहिला. वाजणारच, उचलणारी इथे बसली होती. कानिओ वळला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. एक वाक्य म्हणाला असता की ती खिडकी हिचीच आहे, तर पुरलं असतं. म्हणाला नाही. ओठ घट्ट मिटून नुसता बघत राहिला, आणि मला कळलं की तो मला पकडून देणार नाही. माझा दोष माझ्याच तोंडून निघायचा तर निघेल, नाहीतर राहील.

"उचलत नाहीत," कारकून म्हणाला.

"मग सोमवारी बघू. डॉक्टर, तुमचं मत?"

"लक्षणं परत आलेली दिसतात. आज मात्रा वाढवून देऊ. चार दिवस भरती केलं तरी चालेल."

मला निवृत्तीला चौदा महिने होते. गप्प बसले असते तर सोमवारी तो फोन मीच उचलला असता आणि सावीनो जिवंत आहे म्हणून सांगितलं असतं. सुई लागली असती, भाऊ अठ्ठावीस दिवस जेवला असता. हेच तर हवं होतं मला, याचसाठी मेलेल्याकडून सही करून घेतली होती. आणि तरी मात्रा वाढवून हा शब्द ऐकला आणि माझं डोकंच फिरलं. तो वेडा होता तेव्हा मी त्याला वेडा म्हटलं, त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. पण त्या खोलीत एकच कागद खरा होता आणि तो त्याने छापला होता, कापऱ्या हातांनी, तीन तास. त्याच कागदासाठी ते त्याला जास्तीची सुई देणार होते.

मी उभी राहिले. "फोन राहू द्या. ती खिडकी माझी आहे."

न्यायाधीशबाई वळली. "म्हणजे?"

"म्हणजे मी पेत्रास्कुराची मृत्यूनोंदणी. विचारा काय विचारायचं ते."

तिने विचारलं, "तुमचे मेयर जिवंत आहेत का?"

"नऊ तारखेला पहाटे वारले. नोंद माझ्या हातची. मंगळवारी पुरले, माती मी स्वतः टाकली."

"मग अकरा तारखेची सही?"

"सही त्यांचीच, जानेवारीतली. तारीख माझी."

डॉक्टर बेल्त्रामे फाईल मिटून बसली. कारकून लिहायचा थांबला होता, बाईने खूण केल्यावर भरभर लिहायला लागला. आणि आमचा कानिओ, ज्याच्यासाठी मी हे केलं, तो काय म्हणाला?

"बघा बाई," तो न्यायाधीशबाईला म्हणाला. "मी जिवंतांना मेलेलं छापलं, तर मला सुई. हिने मेलेल्याला जिवंत केलं, तर हिला पगार."

"तिला शिक्षा होईल," बाई म्हणाली. आवाजातला मृदूपणा गेला होता.

"होऊ दे की. माझी तीन वर्षं झाली."

हुकूम तिथल्या तिथे रद्द झाला. डॉक्टर बेल्त्रामे दारापर्यंत त्याच्या मागे आली. सक्ती नाही, पण स्वतःहून घ्या, तुमच्या भल्याचं आहे, असं चांगल्या मनाने म्हणाली. कानिओने पत्रक गुंडाळलं आणि नाही म्हणाला. हेच नाही तो आधी छत्तीस वेळा म्हणाला होता. पहिल्यांदाच तिथे कुणी त्याचं काही करू शकलं नाही.

माझं मात्र सगळं झालं. नोकरीतून निलंबन, खोट्या दस्तऐवजाचा खटला, आणि खटला उभा राहीपर्यंत दर मंगळवारी दहा वाजता ठाण्यात हजेरीची सही. एक चुकली तर घरात कोंडतील, असं कागदात लिहिलेलं होतं. कागद आणून द्यायला एजिदिओच आला. घडी मोडली नव्हती.

पहिल्या मंगळवारी साडेनऊला माझ्या खिडकीखालून आवाज आला.

"कोट घाल. तुझा दिवस आहे."

मी खाली आले आणि तोंडाला येईल ते बोलले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मी चालायला लागल्यावर पाच पावलं मागून चालायला लागला. थांबले की थांबायचा. बायका भाजी घेऊन खिडक्यांत आल्या.

"जा ना मेल्या घरी! लाज नाही वाटत?"

"मी कुठे काय म्हणतोय? मी तुला धरलंय का? गाव म्हणेल, भाऊ सोबतीला आहे."

सहा मंगळवार असं चाललं. ठाण्यात सही करताना मला काही त्रास नव्हता. हवालदार ओळखीचा, पेन चांगलं, अर्धं मिनिट. पण सोमवारपासूनच मला ती मागची पाच पावलं ऐकू यायला लागायची. आणि मंगळवार संपला की मी दुसरंच मोजत बसायची. चुकलेल्या सुईला अठ्ठावीस दिवस झाले. पस्तीस झाले. पन्नास. बेकरीवालीला विचारायची, कानिओने पाव नेला का? त्याच्या दोरीवरचे सदरे मोजायची. विचारायची सगळ्यांना, त्याला सोडून.

सातव्या मंगळवारी साडेनऊ वाजले आणि खिडकीखाली आवाज आला नाही.

मी कोट घालून बाहेर पडले. चौकात माणसं जमली होती. भिंतीवर काळ्या चौकटीचं पत्रक, खळ ओली. नाव कुणाचं आहे ते दुरून दिसेना. पुढे घुसले आणि वाचलं.

"सक्तीच्या उपचाराचा सदतिसावा हुकूम, जन्म अकरा मार्च, दोन दिवसांच्या अल्प आजाराने तेरा मार्चला निवर्तला. त्याच्या जन्मापूर्वीच वडील वारले होते. शोकाकुल: एक डॉक्टर, एक गाडी, आणि उपमेयर प्रोस्पेरो, ज्यांचं पेन अजून सापडलेलं नाही. फुलं आणू नयेत." आणि सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या टाइपात: "आईच्या जागी बहीण होती. तिनेच शेवटी तोंडात पाणी घातलं."

प्रोस्पेरो लालबुंद होऊन उभा होता, शेजारी एजिदिओ.

"सुरू झालं परत!" प्रोस्पेरो माझ्यावर ओरडला. "बघताय ना बाई? पत्रकं! डॉक्टरांना फोन करा. कागद येऊ द्या, आत्ता सही करतो मी. या मिनिटाला."

"पेन सापडलं का तुम्हाला?" मी म्हटलं.

मागे कुणीतरी फिस्कन हसलं.

"मी गंमत करत नाही. हे आजाराचं लक्षण आहे."

"हा विनोद आहे," मी म्हटलं. "तुमच्यावर आहे म्हणून तुम्हाला तो आजार वाटतो. मार्चमध्ये माणूस मरायला टेकला असता तरी तुम्ही कारण शोधत होतात. आता तुमचं नाव भिंतीवर आलं आणि कारण मिळालं?"

ठासून म्हटलं मी. खात्री होती का? नव्हती. पहिल्या वेळीही पत्रकात एक चूक नव्हती.

छापखान्याचं दार बंद होतं. घड्याळात पावणेदहा. मी दारावर हात मारला. आतून काही नाही. परत मारला. आत माझाच आवाज ऐकू येईल अशी भीती वाटत होती.

दार उघडलं. कानिओ, बाह्या वर केलेल्या, बोटांना शाई.

"आले का सरकार? येतच होतो. मशीन धूत होतो."

माझी नजर त्याच्या ओठांवर गेली. स्वच्छ होते. जुळवणीच्या दगडावर कुणाचंही नाव नव्हतं. त्या बारीक टाइपाचा कप्पा उघडा होता, धूळ पुसलेली, आणि चिमटा कुठे दिसत नव्हता.

"जेवलास का?" मी विचारलं.

"हे विचारतेस की सांगतेस?"

"विचारते."

"काल मसूर केला होता. आज अजून नाही." त्याने पत्रकाची प्रत पुढे केली. "चूक आहे का कुठे?"

मी खिडकीशी नेऊन वाचली, पहिल्यापासून, जशी चौतीस वर्षं वाचत आले तशी. "तारखा बरोबर आहेत."

"बघ."

"कानिओ, सुई घेशील का?"

"नाही."

माझ्या हातात काही नव्हतं. ना हुकूम, ना एजिदिओ. "आणि परत अकरा दिवस दार लावून बसलास तर? मी काय करू? सांग ना मला, काय करायचं मी?"

त्याने बोटांची शाई चिंधीला पुसली. माझा प्रश्न त्याला खोटा वाटला नाही.

"मग दार फोड, ताई," तो म्हणाला. "पण कागद घेऊन येऊ नकोस." आणि खुंटीवरून टोपी काढली. "चल. दहा वाजतील. तुझा दिवस आहे."

मी पुढे चालले, तो पाच पावलं मागून. सही करून परत येताना मी एजिदिओकडून ती पहार मागून आणली आणि माझ्या दारामागे उभी करून ठेवली.